मोर्चाचा विषय

आपली १९७५ ची तुकडी म्हणजे नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली. तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्षही होतं, पण अभ्यासाच्या धास्तीत आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा मुंबईत बायकांचा मोर्चा म्हटलं की लोकांना लाटणं आठवायचं. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्चाला आमच्या चाळीतल्या बायका गेल्या होत्या, माझी आईसुद्धा. विषय तेल-साखरेचा, त्यामुळे दादांनीच तिला स्टेशनापर्यंत सोडलं होतं.

८ मार्च १९८० ला मी निघाले तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा तोंडावर होती. दादा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "विषय काय मोर्चाचा?" मी म्हटलं, "मथुरा प्रकरण." पुढचा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. वर्तमानपत्रंही बरेचदा 'अतिप्रसंग' लिहून मोकळी होत.

मथुरा चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला, आरोपी पोलीसच. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, असा निकालाचा अर्थ. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. भीतीपोटी शरण जाणं म्हणजे संमती देणं नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. त्या पत्राने ठिकठिकाणच्या बायका जाग्या झाल्या. मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांत त्या ८ मार्चला मोर्चे निघाले. मागणी एकच, खटला पुन्हा उघडा.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय अंतिम असतो, हे वाक्य आपण नागरिकशास्त्राच्या पेपरात किती वेळा लिहिलं! बाई हे वाचत असतील तर हसतील. त्याच न्यायालयाच्या निकालाविरुद्ध मी रस्त्यावर उभी होते.

शनिवार होता, अर्ध्या दिवसाची ऑफिसं सुटत होती. फुटपाथवर माणसं थांबून बघत होती. एका शेंगदाणेवाल्याने विचारलं, "ताई, लाटणी कुठायत?" आमच्यात कॉलेजच्या मुली होत्या, कामगार बायका होत्या, वकील होत्या. पुढून घोषणा आली आणि तिच्यात तो शब्द होता. आमच्या ओळीतल्या निम्म्याजणी गप्प. माझाही घसा कोरडा पडला. शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी खणखणीत आवाजात 'बलात्कार' हा शब्द उच्चारला, आणि मग आमचेही आवाज फुटले. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हे. भाषणं फारशी आठवत नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आईने परस्पर सांगून टाकलं, "महागाईचा होता मोर्चा."

मथुरेचा निकाल काही बदलला नाही. कायदा मात्र १९८३ मध्ये बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापायलाही बंदी आली. ती बातमी आली तेव्हा दादांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. आईने तो उघडला आणि स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल अशी बातमी वाचून दाखवली. तो शब्द तिने गाळला नाही.