ई-एकचा इतिहास

आमच्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरने पहिल्यांदा ‘ई-१’ असं लिहून दाखवलं, तेव्हा मला त्याच्याबद्दल जरा आदरच वाटला. चौतीस वर्षं मी हिंगोलीत शाळेत इतिहास शिकवला. फळ्यावर मी लिहायचं आणि समोरच्यांनी ढिम्म बसायचं, हाच परिपाठ. आता भिंतीवरचं एक यंत्र लाल अक्षरांत काहीतरी लिहीत होतं आणि ढिम्म राहायची पाळी माझ्यावर आली होती. फरक एवढाच, की माझे विद्यार्थी कपडे घालून बसत. मी साबण लावून उभा होतो.

महिना डिसेंबरचा. मराठवाड्याची थंडी कोरडी असते, ती अंगाला लागत नाही, असं पुण्याचे पाहुणे म्हणतात. त्यांना पहाटे साडेपाचला आमच्या न्हाणीघरात उभं करावं. वरच्या झडपांच्या खिडकीतून कयाधूवरचा वारा थेट पाठीवर येतो. म्हणून मी त्या खिडकीला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला होता. स्वतःच्या हाताने, चार खिळ्यांनी. या पुठ्ठ्याची नोंद करून ठेवा. इतिहासात अशा किरकोळ गोष्टींनाच पुढे भाव येतो.

माहितीपुस्तिका शोधली. ती सौ.ने पापडाच्या डब्यात तळाशी अंथरली होती. तेलाच्या डागांतून एवढंच वाचता आलं : ‘ई-१ – ज्योत नाही.’ ज्योत नाही हे थंड पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाला छापून कळवायची गरज नव्हती. खाली आणखी आकडे होते. कुठे पाणी फार तापलं, कुठे उष्णता मोजणारी तार तुटली, असं काहीबाही. शेजारच्या गृहस्थांकडे वेगळ्या कंपनीचा गीझर आहे. त्यांची पुस्तिका आणली तर आकडे तेच, अर्थ भलतेच! निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि हद्द ओलांडली की इंग्रजांचा कलदार, तसंच हे. प्रत्येक संस्थानाचं नाणं वेगळं. त्यामुळे दुसऱ्याच्या ई-दोनचा अनुभव आपल्या ई-दोनला लागू पडत नाही, हे पहिलं ज्ञान मला तिथे झालं.

आमच्याकडे पूर्वी बंब होता. तांब्याचा, पोट सुटलेल्या फौजदारासारखा. मधोमध नळी, खाली जाळी, नळीभोवती पाणी. नळीत वरून पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, जे हाताला लागेल ते कोंबायचं. हा बंबही बोलायचा, फक्त आकड्यांत बोलत नसे. धूर उलटा तोंडावर आला की समजायचं, नळीत राख तुंबली. ‘सूंऽऽ’ असा सूर लागला की पाणी तयार. खाली राखेवर चर्र आवाज आला की डाग उकललाय, आज तांबटाकडे जायला हवं. आणि हे सगळं घरातल्या पोरासोरांनाही कळायचं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण बंबाच्या बाबतीत ती इंजिनिअर होती.

हिंगोली जिल्ह्यात बॉयलर म्हटलं की आंघोळ आठवत नाही, हळद आठवते. वसमत काय, हिंगोली काय, काढणीनंतर शिवारात बॉयलर धडधडत असतो, त्याची वाफ नळीने पिंपांत सोडतात आणि हळद शिजते. लहानपणी आमच्या मास्तरांनी बजावलं होतं की बॉयलरमधलं पाणी संपू देणारा माणूस आणि दारूगोळ्यावर बसून विडी ओढणारा माणूस यांत फार फरक नाही. ही अक्कल जगाला कधी आली, हे पुढे वाचनात सापडलं. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंजिनिअरचा बॉयलर फुटला आणि माणसं मेली. सांगतात, की त्यावर नेमलेलं पोरगं मासे पकडायला गेलं होतं. ट्रेव्हिथिकने पोराला दोष देत बसण्यापेक्षा एक शहाणपण केलं. बॉयलरच्या तळाशी शिशाची बुच बसवली. वर पाणी आहे तोवर शिसं थंड राहतं. पाणी उतरलं की ते वितळतं, भोक पडतं, आणि आतली वाफ फुसकन खालच्या आगीवर येते. आग मंदावते, आवाज होतो, पोरगं मासे टाकून धावत येतं. माझ्या मते जगातला पहिला फॉल्ट कोड हाच. अक्षर नाही, आकडा नाही. पण अर्थ स्पष्ट : ‘मी काम बंद केलंय. का, ते तुम्ही येऊन बघा.’

गीझरचा जन्म त्यानंतरचा. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन नावाच्या गृहस्थाने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं. धंदा घरं रंगवण्या-सजवण्याचा, म्हणजे पाण्याशी संबंध ब्रश धुण्यापुरता. आइसलँडमध्ये गायसिर नावाचा एक उकळत्या पाण्याचा झरा आहे, त्यावरून त्याने यंत्राला ‘गीझर’ नाव दिलं. तो आमच्या भागात जन्मला असता तर किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरच्या झऱ्यावरून त्याने यंत्राला ‘उनकेश्वर’ म्हटलं असतं आणि आज दुकानात जाऊन आपण ‘सहा लिटरचा उनकेश्वर दाखवा’ म्हणालो असतो. असो. मॉनसाहेबांच्या यंत्रात एकच गोष्ट नव्हती. जळलेल्या गॅसला बाहेर जायला धुराडं नव्हतं. जे काही जळायचं ते आंघोळ करणाऱ्याच्या सोबतीला तिथेच थांबायचं. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. आमच्या गीझरलाही धुराडं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. दुसऱ्याच्या इतिहासात चुका लगेच दिसतात.

पण ई-एककडे वळू. गीझरच्या पोटात काय चालतं हे मी एव्हाना अभ्यासलं होतं. नळ सोडला की पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा ढकलला जातो आणि बटण दाबलं जातं. टाकीत पाणी कमी असेल किंवा जाळीत क्षार अडकले असतील तर पडदा हलतच नाही. तेव्हा गीझर आकडाही दाखवत नाही, मौन पाळतो. बटण दाबलं गेलं की दोन जाड्या सेलांवर टकटकटक ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. मग एक बारीक काडी ज्योतीत आहे की नाही ते तपासते. ज्योतीतून वीज थोडीशी वाहू शकते, हे त्या काडीचं भांडवल. काही सेकंदांत ज्योतीचा पुरावा मिळाला नाही किंवा मधेच हरवला, तर झडप बंद. न जळलेला गॅस न्हाणीघरात साठू नये म्हणून. मग ई-१.

इथे खरी मेख आहे. आकडा सांगतो, गाडी कुठल्या स्टेशनात थांबली. का थांबली ते सांगत नाही. सिलिंडर संपलं, सेल उतरले, काडीवर काजळी धरली, नळीत हवा शिरली, वारा लागला. सगळ्यांना एकच ई-१. आमच्या औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी ऐकणारी वेधशाळा, लायगो, होणार आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात, आणि त्यांनी ऐकायचं काय, तर अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आपटली त्याचा कंप! तिथल्या शास्त्रज्ञांना एकदा घरी चहाला बोलवावं आणि विचारावं, की एवढं ऐकू येतं तर आमच्या ई-एकचं कारण तेवढं सांगा.

तोवर आळीत उपचार सुरू झाले होते. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक शेजारी म्हणाले, अर्थिंग नाही. गीझर सेलवर चालतो हे सांगितल्यावर म्हणाले, तेच तर! मी सेल दोनदा बदलले. सिलिंडर हलवून पाहिलं. मग आपला नेहमीचा राष्ट्रीय उपाय : बंद करून पुन्हा चालू. आणि तो लागू पडत होता. गीझर पहिल्या झटक्यात पेटायचा, दहा-बारा मिनिटं झकास चालायचा, मग ई-१. मी बंद-चालू करायचा, दार उघडून पाच मिनिटं थांबलं की पुन्हा पेटायचा. ही वागणूक सिलिंडर संपल्याची नव्हे, सेल उतरल्याचीही नव्हे, हे शेरलॉक होम्सच्या नोकराच्याही लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. मी त्याला हट्टी विद्यार्थी समजून दामटत होतो.

त्याच आठवड्यात लेस्टरहून भाच्याचा फोन. त्याच्या घरचा बॉयलरही बंद! तिकडचा बॉयलर मोठा, आंघोळीचं पाणीही तापवतो आणि घरही. त्यावर अक्षर-आकडा आला होता, पण त्याला कारण ठाऊक होतं. बॉयलरमधून ठिबकणारं पाणी बाहेर नेणारी नळी रात्री गोठली होती. उपाय काय, तर किटलीत पाणी कोमट करून त्या नळीवर ओतायचं. म्हणजे गरम पाणी मिळण्यासाठी आधी गरम पाणी हवं! हे अगदी आपल्या कचेऱ्यांसारखं, दाखला काढायला आधी दाखला. मी पोटभर हसलो आणि माझं गाऱ्हाणं सांगितलं. तो हसला नाही.

“मामा, गीझर आहे कुठं?”

“न्हाणीघरात. अजून कुठं असणार?”

“आणि त्याची चिमणी?”

“चिमणी कशाला? गॅसचा धूर होतो का?”

तो काही क्षण गप्प. मग म्हणाला, “मामा, मामीला सांगा, आज दार लावून आंघोळ नका करू.” इथे गॅसच्या कामाला नोंदणी झालेला माणूसच लागतो, घरात कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी घंटी लावतात, वगैरे तो सांगत राहिला. मला वाटलं, परदेशात राहिलं की माणसं भित्री होतात.

दुसऱ्या दिवशी सौ. न्हाणीघरात होती. ई-१ आला, तिने आतून हाक मारली, मी बाहेरूनच म्हणालो, “बंद-चालू कर!” एकदा केलं. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा हाक आली नाही. बादली पडल्याचा आवाज आला. दार आतून लावलेलं नव्हतं, कारण तिने भाच्याचं ऐकलं होतं, माझं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. “डोकं जड झालंय, पाय उचलत नाहीत,” म्हणाली. तिला अंगणात आणून खाटेवर बसवलं. अर्ध्या तासाने तिला बरं वाटलं, तरी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्राणवायू लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नापास मुलांच्या बापाकडे पाहात असे.

संध्याकाळी मेकॅनिक आला. माझाच विद्यार्थी निघाला. “सर, इतिहासात तुम्ही मला अकरा मार्क दिले होते,” एवढी ओळख दिली आणि वर पाहिलं. पहिली नजर गीझरकडे गेलीच नाही, पुठ्ठ्याकडे गेली.

“सर, हे कामून ठोकलं?”

मी थंडीचं कारण सांगितलं. त्याने गीझरच्या माथ्यावरून बोट फिरवून काजळी दाखवली. “हवाच न्हाई तर ज्योत पिवळी पडती, लांब हुती, काडीवरून सुटती. मशीन बिचारं बंद पडायलं, अन् तुम्ही परत पेटवायलात. ते बंद पडत हुतं म्हणून काकू वाचल्या.”

गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात घाण वासाचं रसायन मिसळतात. अमेरिकेत टेक्सासच्या न्यू लंडन गावची शाळा १९३७ साली वास नसलेल्या गॅसने उडाली, जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यानंतर असा वास मिसळणं तिथे कायद्याने सक्तीचं झालं. पण हा वास जळताना जळून जातो. अर्धवट जळण्यातून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटून बसतो. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत तो ओळखायला १९८६ पर्यंत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. माझ्या पुस्तिकेत त्याला आकडाच नव्हता. माझ्या घरची कॅनरी न्हाणीघरात होती आणि मी बाहेरून ‘बंद-चालू कर’ सांगत होतो. थंडीत वर्तमानपत्रात न्हाणीघरातल्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्या मी नियमित वाचत असे. दुसऱ्यांच्या म्हणून.

गीझर आता मागच्या अंगणातल्या भिंतीवर आहे, वर पत्र्याचं छप्पर, आत फक्त पाण्याची नळी येते. पुठ्ठा काढला, चारही खिळे मीच काढले. वारा पूर्वीसारखा पाठीवर येतो. नंतर एकदा ई-१ आला, तेव्हा मी बटणाला हात न लावता आधी सिलिंडर उचलून पाहिलं. रिकामं होतं. दुसरं यायला दोन दिवस होते, म्हणून माळ्यावरचा बंब काढला. तो पेटवायचा कुठे हा प्रश्नही पडला नाही. न्हाणीघरात कुणी नेलाच नाही, सरळ अंगणात, त्याच्या जुन्या जागी. धूर होतो म्हणून आजीने त्याला कधी घरात घेतलंच नव्हतं. गॅसला धूर नाही म्हणून आम्ही आत घेतलं.

सौ. पदराने डोळे पुसत तुराट्या सारत होती. म्हणाली, “काही म्हणा, यानं कधी आकडे नाही दाखवले.”

“धूर दाखवायचा,” मी म्हणालो.

“तो दाखवावा लागत नाही,” ती म्हणाली, “जा, बादली घेऊन या.”