आजीबाईंस पत्रे

आमच्या टीममध्ये एक मित्र आहे. नाव नको, नुसतं 'तो' म्हणू. मूळचा नगर जिल्ह्यातला, चार पिढ्यांचा मराठी ख्रिस्ती. मुलुंडला राहतो. घरचं चर्च जुन्या वळणाचं. हा मात्र काही वर्षांपूर्वी एका नव्या, जरा कडक संगतीत गेला. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना, बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. सिनेमा नाही, गणपतीचा प्रसाद नाही, ऑफिसच्या पार्टीत ग्लासात कायम लिंबू सरबत.

तर या मित्राने एका बुधवारी दोन प्रश्न विचारले. एक, दशांशाच्या पैशांचा हिशोब सगळ्यांना दाखवायला काय हरकत आहे? आणि दोन, लग्न कोणाशी करावं हे पाळकांनी ठरवावं असं बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय? उत्तर मिळालं नाही. संशय हा सैतानाचा दरवाजा आहे असं प्रवचन मात्र मिळालं. पुढचे तीन आठवडे रोज "प्रेज द लॉर्ड" करणाऱ्यांपैकी एकाचाही फोन नाही.

कॅन्टीनमध्ये हे ऐकून मी नेहमीचं शहाणपण पाजळलं. "मग सोड की! कंपनी नाही आवडली तर आपण पेपर टाकतोच ना?"

तो म्हणाला, "तुला कंपनी आणि घर यातला फरक कळत नाही."

गप्प बसलो. पण वाक्य डोक्यातून जाईना. आणि त्याच वीकांताला पंडिता रमाबाईंची पत्रं हातात आली. (योगायोग वगैरे काही नाही, मुद्दाम शोधली.)

शाळेत रमाबाई आपल्याला चार ओळींत भेटतात. संस्कृत विद्वान, बालविधवा वगैरेंसाठी शारदा सदन, मग धर्मांतर, मग टीका. पुढचा धडा. धर्मांतर झालं की गोष्ट संपली असं आपण धरून चालतो, टीका करणारे आणि कौतुक करणारे दोघेही. माझंही तसंच होतं. प्रत्यक्षात भांडण तिथून सुरू होतं!

थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं आणि त्यापायी आयुष्यभर त्रास सोसला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश तुडवत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. मग भाऊ गेला, लग्न झालं, दीड वर्षात नवराही गेला. पदरात छोटी मनोरमा. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आणि १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला निघाल्या. वय वर्षे पंचवीस. आपल्या टीममध्ये नुकतं प्रमोशन मिळालेल्या मुलीचं वय!

इंग्लंडमध्ये त्या उतरल्या वाँटेज या गावी, 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन जोगिणींच्या मठात. या मठाच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या, ओळख तिथलीच. सौदा सरळ होता: रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं, मठाने राहण्याजेवणाची सोय करायची. कानाने कमी ऐकू येत असल्याने डॉक्टरकीचं स्वप्न लवकरच बारगळलं. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने त्याच वर्षी जीव दिला. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नवं नाव मेरी रमा.

त्यांच्या धर्ममाता होत्या सिस्टर जेराल्डीन. म्हणजे मनोरमेची नात्याने आजी. म्हणून रमाबाई त्यांना पत्रात काय म्हणायच्या माहितीये? 'आजीबाई'. पत्रं इंग्रजीत, पण मायना आजीबाई! पुढची सगळी खडाजंगी याच मायन्याखाली चालते हे लक्षात ठेवा.

पहिली ठिणगी पडली १८८४ मध्ये. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकतही होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या मनात आलं की बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात. झालं! मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचं मत पडलं की छे, असं केलं तर भारतात परतल्यावर बाईंचा प्रभाव राहणार नाही. रमाबाईंना न विचारता हे परस्पर ठरत होतं. त्यांनी मिस बील यांना जे कळवलं त्याचा मथितार्थ असा: माझ्या वडिलांना आईने तरुणांना शिकवण्यात गैर वाटलं नाही, माझ्या नवऱ्याला मी शिकवण्यात वाटलं नाही, आणि तुम्हा इंग्रजांना वाटतं याचं मला नवल वाटतं. माझं स्वातंत्र्य मी कोणाच्या हाती देणार नाही.

मग क्रूस. भगिनींच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं. रमाबाईंनी विचारलं, मला न कळणारी भाषा मी गळ्यात का घालू? ब्राह्मणांना जसं संस्कृत ही देवांची भाषा वाटते तसं तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं का? मला संस्कृत हवं ते पवित्र म्हणून नव्हे, सुंदर आणि माझ्या देशाचं म्हणून. (हा प्रश्न एका जोगिणीला, तिच्याच मठाच्या जिवावर राहून विचारायला काय लागतं, त्याचा विचार करा.)

मग जेवण. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. सिस्टरना त्यात जातीचा जुना अभिमान दिसायचा. रमाबाईंना त्यात धर्माचा काही संबंधच दिसत नव्हता.

आणि शेवटी थेट सिद्धांत. त्र्यैक्य कशावरून? ख्रिस्ताचं देवत्व नेमकं कोणत्या अर्थाने? अथनेशियसचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं कलमवार प्रतिज्ञापत्र, त्यात म्हटलंय की हे न मानणाऱ्याचा नाश होईल. हे बायबलमध्ये आहे की नंतरच्या लोकांनी लिहिलं? १८८५ ची पत्रं याने भरलेली आहेत. सिस्टरांनी खंत केली की हिला बाप्तिस्मा द्यायची घाई झाली. त्यावर रमाबाईंचं म्हणणं, बाप्तिस्म्यानंतर शोधायचं, विचारायचं काहीच शिल्लक राहू नये अशी तुमच्या चर्चची अट आहे हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं! शिवाय, मोठ्या कष्टाने एका देशातल्या भटजींच्या जोखडातून सुटले आहे, लगेच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. मी चर्चची सभासद आहे, पण बिशपांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही.

सिस्टर जेराल्डीन यांचं उत्तर अर्थातच अहंकार, हट्ट, आज्ञापालनाचा अभाव या वळणाचं. इथे त्यांना खलनायिका करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. मठाची सगळी इमारतच आज्ञापालनाच्या व्रतावर उभी. आपण चर्चमध्ये आणलेली मुलगी भरकटली तर तिच्या आणि तिच्या लेकीच्या आत्म्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, ही त्यांची प्रामाणिक भीती. प्रेमच होतं ते. पण प्रेमात 'मी सांगते म्हणून' हे गृहीत होतं. मिस बील स्वतः शंकांमधून गेलेल्या असाव्यात असं त्यांची पत्रं वाचताना वाटतं. त्यांना बरोबर कळलं होतं की या बाईला हुकूम चालणार नाही, युक्तिवाद लागेल.

आता मूळ प्रश्न. मग सोडलं का नाही? परत यायचं, "चूक झाली" म्हणायचं, पुण्यात पायघड्या घातल्या असत्या! किंवा ख्रिस्ती राहायचं आणि वाँटेजशी संबंध तोडायचा. रमाबाईंनी दोन्ही केलं नाही. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहिल्या. आणि पुढे त्याच वर्षी मनोरमेला त्यांनी ठेवलं कुठे? परत वाँटेजलाच. ज्यांच्याशी त्र्यैक्यावरून भांडण त्यांच्याच हाती पोटची पोर. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

मला यात दोन गोष्टी दिसतात.

पहिली, रमाबाईंनी देव, देवाची माणसं आणि देवाच्या माणसांचं ऑफिस अशी तीन खाती वेगळी ठेवली. ऑफिसशी भांडण झालं म्हणून माणसांवरची माया आटली नाही, आणि माणसं चुकली म्हणून देव खोटा ठरला नाही. आपण बाहेरचे लोक ही तिन्ही खाती एकच धरतो आणि "सोड की" म्हणतो. गंमत म्हणजे कडक नेतेही अगदी तेच करतात: माझ्यावर प्रश्न म्हणजे देवावर प्रश्न!

दुसरी गोष्ट जास्त व्यवहारी आहे. प्रश्न विचारून आत राहायला पायाखाली स्वतःची थोडी जमीन लागते. अमेरिकेत रमाबाईंनी गावोगाव व्याख्यानं दिली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहून विकलं, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्यात वेगवेगळ्या पंथांची माणसं होती, अध्यक्ष तर युनिटेरियन, म्हणजे त्र्यैक्य न मानणारे! शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नाही असं ठरलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते कोणत्याही एका बिशपाच्या मेहेरबानीवर नव्हतं. अन्नवस्त्र, नोकरी, लग्न, मैत्री सगळं एकाच संगतीच्या हातात असेल तर प्रश्न घशातच राहतो. माझ्या मित्राची अडचण नेमकी हीच आहे. त्याची खोली संगतीतल्या भावाची, मित्र संगतीतले, होणारी बायकोही बहुतेक तिथलीच.

असो. गोष्ट इथे संपवली तर छान, पण ती अर्धवट राहील. कारण पुढे रमाबाई स्वतः नेत्या झाल्या. १८९१ च्या सुमारास त्यांना जो आध्यात्मिक अनुभव आला त्यानंतर त्यांची श्रद्धा चांगलीच तापली, आणि ज्या सिद्धांतांवर त्या भांडल्या होत्या तेही त्यांनी आपल्या वाटेने जाऊन स्वीकारले. त्यांच्या प्रार्थनेला मुली बसायला लागल्या. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय म्हणून गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार उघडं होतं, कोणी ओढून आणलं नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. पण आश्रय देणाऱ्या बाईच्या प्रार्थनेला बसणारी दहा-बारा वर्षांची विधवा कितपत मोकळी असते? वाँटेजमध्ये रमाबाईंनी जो प्रश्न आजीबाईंना घातला, तोच त्यांना घालायला हवा. माझ्याकडे याचं गुळगुळीत उत्तर नाही.

त्यांच्या बाजूने एक मात्र नोंदवतो. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाला बांधलं नाही. आणि पन्नाशीला टेकलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं. उपलब्ध भाषांतर त्यांना जड वाटे. खेड्यातल्या बाईला वाचून कळलं पाहिजे हा हट्ट. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅन्युअलवर विश्वास नाही म्हणून सोर्स कोड वाचायला बसल्या, आणि मग तो सगळ्यांना खुला केला :) खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. गळ्यातली लॅटिन अक्षरं कळत नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्या मुलीने चाळीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर.

आणि ही सगळी पत्रं आपल्याला वाचायला मिळतात ती कोणामुळे? सिस्टर जेराल्डीनमुळे. स्वतःविरुद्धची, स्वतःला खोडून काढणारी पत्रंही त्यांनी जपली, जुळवून ठेवली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेलं त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या संगतीत शंका घेणाऱ्याची पत्रं फाडली जात नाहीत, तिथे अजून आशा आहे असं मी आता म्हणतो.

सोमवारी मित्राला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पहिल्यांदा स्वतःची भाड्याची खोली बघतो. मग तिसरा प्रश्न विचारतो."

"कुठे?"

"तिथेच. बुधवारी."

सध्या आम्ही भांडुपमध्ये वन रूम किचन शोधतोय.