ठोकळ्यांच्या गाड्या

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मातीच्या गाडीची कथा आपल्या रसिकांस परिचयाची आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आलेल्या रोहसेनाचे मन मातीच्या गाडीत रमत नाही आणि वसंतसेना त्या गाडीत आपले अलंकार घालते. खेळण्यातील गाडी मनास केव्हा पटते, हा तेथे एका बालकाचा प्रश्न होता. आजच्या काळात तोच प्रश्न संसारात मुरलेल्या प्रौढ माणसांनी हाती घेतला असून, लेगो या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या ठोकळ्यांच्या मोटारींवरून ते आपसांत मोठ्या हिरिरीने वाद घालीत असतात. हा वाद आम्हांस पोरकट वाटत नाही. त्याचा इतिहास पाहिल्यास त्यामागील तत्त्व ध्यानात येईल.

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून १९३४ साली ‘लेगो’ हे नाव सिद्ध झाले. १९४९ साली तेथे प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले. त्यांची मूळ कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज गृहस्थाच्या ठोकळ्यांवरून घेतलेली होती. माथ्यावर गुंड्या आणि पोटात नळ्या अशी पक्की पकड देणारी रचना मात्र बिलुंडचीच. तिच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला.

या इतिहासात मोटारीचे स्थान आरंभी चमत्कारिकच होते. १९५५ साली नगर वसविण्याचा जो खेळ बाजारात आला, त्यात मुलांनी घरे ठोकळ्यांची बांधावयाची. परंतु रस्त्यावरील मोटारी मात्र साच्यातून आयत्या ओतून काढलेल्या! १९६२ साली ठोकळ्यांना बसणारे चाक निघाले, आणि मोटार ही वस्तूही मुलाच्या हातून घडू लागली. आमच्या मते या खेळाच्या इतिहासातील ही एक मोठी घटना होय. जे मांडून ठेवावयाचे होते, ते आता रचावयाचे झाले.

पुढे १९७८ साली हातपाय हलविणारी लहान बाहुली आली, आणि हौशी मंडळींच्या पहिल्या मोठ्या वादाचे बीज पडले. दोन गुंड्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर. त्या काळची सामान्य मोटार चार गुंड्या, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद असे आणि तीत एकच बाहुली मावे. बाहुलीची उंची सुमारे ४ सेंटिमीटर धरली, तर माणसाच्या मानाने मोटारीची रुंदी पाच-सहा गुंड्या भरते. परंतु बाहुलीचा बांधा उंचीच्या मानाने फारच रुंद. सहा गुंड्यांच्या गाडीत दोघांस शेजारी बसविणे दुरापास्त. २०१५ साली सुरू झालेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या मालिकेने प्रथम सहा गुंड्यांचे माप घेतले, आणि २०२० साली ते आठ केले. तेव्हा कोणी म्हणाले, आता कोठे गाडीस आकार आला. कोणी म्हणाले, ही गाडी आमच्या जुन्या नगराच्या रस्त्यावर मावणारच नाही. पहिल्या पक्षास मूळ मोटारीशी साम्य हवे आहे, तर दुसऱ्यास आपल्या उभ्या केलेल्या जगाशी सुसंगती. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसते.

दुसरा वाद अंतरंगाचा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेल्या, आणि पुढे मेकॅनो नावाने प्रसिद्धीस आलेल्या भोकाच्या पट्ट्यांनी यंत्राची रीत मुलांस शिकविली होती. तोच मार्ग लेगोने १९७७ साली धरला. त्या वर्षीच्या मोटारीच्या सांगाड्यावर वरचे आच्छादन नव्हतेच. सुकाणू फिरविले की चाके वळत, गाडी ढकलली की एंजिनातील दट्टे वरखाली होत, आणि हे सारे डोळ्यांस दिसे. पुढील काळातील गाड्या सुबक झाल्या व यंत्र पोटात दडले. २०१६ साली २७०४ तुकड्यांची पोर्शे निघाली. तिच्या गिअरपेटीचा क्रम सांगितल्या रीतीने जुळविल्यास १, ३, २, ४ असा पडतो, हे हौशी लोकांनी दाते मोजून दाखवून दिले! आच्छादन चढविल्यावर ही चूक सहसा कोणाच्या दृष्टीस पडावयाची नाही. तरी त्यांनी ती शोधली, दुरुस्तीचे उपाय सुचविले आणि एकमेकांस कळविले. न दिसणारा भागही खरा असावा, हा आग्रह कारागिराचा आहे, आणि तो एका खेळण्यापायी जिवंत राहिला याचे आम्हांस समाधान वाटते.

तिसरा वाद वरवर क्षुल्लक, तो चिकटपट्ट्यांचा. दिवे, जाळी, क्रमांक हे सारे तुकड्यांवर छापलेले असावे, की कागदी चिकट चित्रांनी भागवावे? चिकट चित्र कालांतराने सुटते, एवढीच तक्रार असती तर आम्ही ती येथे नोंदविली नसती. परंतु जे चित्र दोन ठोकळ्यांवर मिळून चिकटते, ते त्या दोघांस जखडून टाकते. ते फाडल्यावाचून ठोकळे सुटे होत नाहीत. येथे साम्याच्या हव्यासाने खेळाच्या मुळावरच घाव घातला जातो.

२०२० पासून प्रौढांसाठी काढलेल्या संचांवर १८ वर्षांची वयोमर्यादा ठळकपणे छापली जाऊ लागली. मोठ्यांनी खेळावे, याबद्दल आमची तक्रार नाही. पण रचून झालेली मोटार काचेच्या कपाटात कायमची जाऊन बसली, तर १९५५ ची ती आयती मोटार अधिक किमतीने घरात परत आली असेच म्हणावे लागेल. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यास अद्याप घट्ट बसतो. साठ वर्षांहून अधिक काळ जपलेले हे माप गाडी मोडून होडी करता यावी, होडी मोडून पूल बांधता यावा, यासाठीच आहे. हौशी मंडळींनी रुंदीवरून खुशाल भांडावे, दाते मोजावेत. परंतु आपली मोटार मोडण्याचा अधिकार घरातील मुलास द्यावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.