केशरी वायर आणि कोपऱ्यावरचं गॅरेज



जुनी प्रियस घ्यायची म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "दुरुस्तीचं काय? शोरूमलाच न्यावी लागणार ना?" या प्रश्नामागे थोडा इतिहास आहे.

इथल्या मेकॅनिकला बिनगिअरची गाडी नवी नव्हती. १९५८ साली आइंडहोवनच्या दाफ कंपनीने पट्ट्यांवर चालणारी 'व्हारिओमाटिक' गाडी आणली. क्लचचं पेडल नाही, गिअर बदलणं नाही. पण पट्टा डोळ्यांना दिसायचा, हाताने बदलता यायचा.

प्रियसचं तसं नाही. जपानमध्ये १९९७ ला आणि युरोपात २००० ला आलेल्या या गाडीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, आल्टरनेटर नाही. ब्रेक दाबला की बराचसा वेग मोटरच कमी करते आणि बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेकपॅडही सावकाश झिजतात. म्हणजे गॅरेजची मीठभाकरीची कामंच गेली! उरली ती केशरी वायर. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी सुमारे २०० व्होल्टची, मोटरपाशी ५०० पर्यंत. रबरी हातमोजे घाला, सर्व्हिस प्लग काढा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबा, मगच पाना उचला.

या गाड्या वाढल्या त्या मुख्यतः करामुळे. कंपनीची गाडी घरी वापरली की तिच्या किमतीचा काही भाग आपल्या उत्पन्नात धरतात. २००८ साली हा दर एरवी २५ टक्के, पण प्रियसला १४. २०१३ साली तर नव्या प्लग-इनना शून्य! मग मित्सुबिशी आउटलँडर जिकडेतिकडे दिसू लागली. लीजवर असेपर्यंत अशा गाड्या सहसा शोरूमच्याच वर्कशॉपमध्ये जातात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला त्या भेटतात लीज संपल्यावर, जुन्या होऊन.

त्याच्यासाठी दार उघडं राहिलं ते युरोपियन युनियनच्या २००२ च्या नियमामुळे. तांत्रिक माहिती, हत्यारं आणि ट्रेनिंग बाहेरच्या गॅरेजलाही मिळालं पाहिजे, असं त्यात ठरलं. फुकट मात्र नाही. शोरूममध्ये हा खर्च पुष्कळ गाड्यांवर वाटला जातो, दोन लिफ्टच्या गॅरेजात मोजक्याच गाड्यांवर. खरी अडचण इथे आहे, मेकॅनिकच्या अकलेत नाही.

तेव्हा शोरूमलाच जायला पाहिजे असं काही नाही. एवढंच विचारा, "हाय-व्होल्टेजचं ट्रेनिंग तुमच्याकडे कुणी घेतलंय?" उत्तर चटकन आलं तर खुशाल किल्ली द्या. नाही आलं, तरी टायर आणि एपीकेसाठी त्याच्याकडेच जा. त्याला आता तीच कामं उरलीत.

चूभूद्याघ्या.