पंचहौदचा चहा

'चहाच्या पेल्यातलं वादळ' असं आपण सहज म्हणून जातो. पण मंडळी, पुण्यात हे वादळ खरोखर झालं होतं, आणि एकाच चहावरून ते पुढे दोन वर्षं चाललं.

ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये (आत्ताची गुरुवार पेठ) एका व्याख्यानाला शहरातल्या बड्या लोकांना बोलावणं होतं. महादेव गोविंद रानडे होते, टिळकही होते. हे दोघे एका खोलीत, हेच आधी नवल! व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा प्यायले, कोणी शिवले नाहीत. विषय तिथेच संपायचा.

पण या बैठकीमागे होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. आपल्या भाषेत, अटेंडन्स शीट लीक केली!

मग सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, त्यांनी चौकशीला शास्त्री धाडले आणि ग्रामण्य सुरू झालं. ग्रामण्य म्हणजे जातीचा बहिष्कार. ऐकायला सौम्य वाटतं, पण विचार करा. भटजी घरी येणार नाही. मुंज, लग्न, श्राद्ध, सगळं अडलं. पंक्तीला कोणी बोलावणार नाही. चहा प्यायला नवरा, आणि भोगायचं घरातल्या बायकांनी, म्हाताऱ्या आई-वडिलांनी. खुद्द टिळकांनाही घरच्या कार्यांना भटजी मिळेनात. आणि हे कोण? तर संमती वयाच्या कायद्याला (१८९१) विरोध करणारे टिळक!

मला वाटतं, राग त्या चहाचा नव्हताच. ख्रिस्ती माणसाच्या हातचं खाल्ल्याने धर्म बुडतो का, यावर शांतपणे वाद घालता आला असता. टिळकांनी शास्त्राधार काढून तो घातलाही. पण ग्रामण्याला पटवायचं नसतंच, फक्त वाकवायचं असतं. आणि ते लागू होतं फक्त आपल्याच माणसांना. मिशनरींच्या घरचं श्राद्ध कोण अडवणार?

१८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. झालं! आता सुधारक खवळले. पुढारीच असा वागला तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं, असा सूर निघाला. खरं सांगू, तो राग मला समजतो. पण रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) वाचल्या की दुसरी बाजू दिसते. स्वतःसाठी रानड्यांना गरज नव्हती. बहिष्कारात होरपळलेल्या मित्रांना घरी तोंड दाखवणं अवघड झालं होतं, आणि ते एकटे पडू नयेत म्हणून हेही त्यांच्यासोबत बसले.