बोफोर्सची तोफ आणि आईची कवळी

बोफोर्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? तोफ, दलाली, ६४ कोटी, १९८७ सालचे पेपर. पण याच बोफोर्सने दातही विकलेत, हे किती जणांना माहीत आहे? मस्करी नाही, खरंच.

हे खोदकाम सुरू झालं आईमुळे. तिची खालची कवळी बोलतानासुद्धा उडते. डॉक्टर म्हणाले, वर-खाली सगळीकडे इम्प्लांट बसवता येतील, एका स्क्रूचे ३५ हजार. पण वरच्या जबड्याचं हाड झिजलंय, आधी तिथे हाड भरावं लागेल, त्याचे वेगळे. आई म्हणाली, "कशाला रे, मी भाकरी कुस्करून खातेच की." घरी आलो आणि वाचत बसलो.

१९५२. स्वीडनमधलं लुंड. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते बघत होता. त्यासाठी टायटॅनियमची एक बारीक नळी हाडात बसवलेली. ही नळी महागाची, म्हणून काढून पुन्हा वापरायची. पण ती निघेचना! हाड धातूला असं चिकटलं होतं की जणू एकजीव. दुसरा कोणी वैतागला असता. हा गडी त्यावरच विचार करत बसला. दातांशी त्याचा तोवर काही संबंध नव्हता, हे विशेष.

पहिला पेशंट मिळाला १९६५ मध्ये, गोटेबोर्गला. योस्टा लार्सन, वय ३४, जन्मतःच जबड्यात व्यंग, दात गेलेले. खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तेव्हाही ते दात जागेवर होते. चाळीस वर्षं! आपले स्वतःचे टिकतात का एवढे?

तरी दंतवैद्यक मंडळींनी ब्रोनेमार्कला वर्षानुवर्षं उभं केलं नाही. एक तर हा दातांचा डॉक्टर नाही, आणि आधीचे धातूचे प्रयोग बहुतेक फसलेले, त्यामुळे संशय अगदीच अनाठायी होता असंही म्हणता येत नाही. शेवटी सत्तरच्या दशकात स्वीडनच्या आरोग्य मंडळाने बाहेरचे प्राध्यापक नेमले आणि पेशंट तपासायला लावले. अहवाल अनुकूल आला, आणि उपचार सरकारी दंतविम्यात बसला. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. शोध लागला, सरकारने तो पारखला आणि मग खर्चाचा भार उचलला.

आणि स्क्रू बनवायचे कोणी? इथे बोफोर्स येते. तोफा बनवणाऱ्यांना धातूचं काटेकोर काम नवीन नव्हतं. १९८१ मध्ये 'बोफोर्स नोबेलफार्मा' उभी राहिली (नोबेल म्हणजे तेच, आल्फ्रेड नोबेल, बोफोर्सचे एके काळचे मालक). १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर हे तंत्र जगभर गेलं. म्हणजे आपण तोफांचा करार केला त्याच्या चार वर्षं आधीच.

आता हाडाचं. दात असतो तोवर चावण्याचा भार हाडाला मिळतो. दात गेला की शरीर म्हणतं, इथे आता हाडाचं काम काय? आणि ते हळूहळू झिजतं. वर मागच्या बाजूला तर सायनसची पोकळी खाली उतरते, स्क्रूला धरायला जागाच उरत नाही. सुरुवातीला पेशंटच्याच कमरेचं हाड काढून लावायचे. दातासाठी कंबर कापायची, विचार करा! पुढे दात्यांचं हाड, गाईगुरांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली भुकटी असे पर्याय आले. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलच्या ऊतीपेढीत १९८८ पासून दात्यांचं हाड किरणांनी निर्जंतुक करून देतात. कॅन्सरच्या हॉस्पिटलात दातांसाठीही हाड मिळतं, हे मलाही आत्ताच कळलं.

स्वीडनमध्ये ते विम्यात बसलं, आपल्याकडे मात्र बहुतेकांना खिशातूनच काढावं लागतं. म्हाताऱ्या माणसांचे दात हा आजार आहे असं आपण धरतच नाही. वय झालं, दात जाणारच. आणि मग चावता येत नाही म्हणून शेंगदाणे बंद, काकडी बंद, मटण बंद, माणूस चहा-बिस्किटावर.

२००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते. खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी त्यांनी सुचवलं, पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट आणि त्यावर अडकवायची कवळी. पुढचं हाड सहसा पुरेसं असतं, भरावं लागत नाही. हे मी डॉक्टरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "हो, चालेल की." पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही.

आईचा एक्स-रे झालाय. वरची कवळी आहे तशीच राहणार, खाली दोन स्क्रू. तिने तारीख दिवाळीनंतरची मागितलीय, फराळ होऊ दे म्हणाली.