यंत्राच्या पोटातला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक तरी पोरगा यंत्रमानव होऊन रंगमंचावर येतोच. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर चंदेरी कागद, डोक्याला तारेचे दोन तुकडे आणि चाल अशी, की गुडघा म्हणून काही देवाने दिलेलाच नाही. मध्यंतरी आमच्या घरातलाच एक असा चढला होता. टाळ्या भरपूर पडल्या, मीही वाजवल्या. पण मनात आलं, ज्या नाटककाराने रोबोट जन्माला घातला, त्याने हे सोंग ओळखलंच नसतं. कारण पहिला रोबोट लोखंडाचा नव्हता.

विज्ञानकथा भविष्याबद्दल बोलते, असा आपला समज असतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. साधा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण प्रतिमांशी रोजचा संबंध असल्याने एवढं कळतं, की प्रतिमा जितकं दाखवते तितकंच झाकतेही. विज्ञानकथेतल्या यंत्राने काय झाकलं आहे, हे विसाव्या शतकातल्या काही समाजचिंतकांनी खोदून पाहिलं. त्यांचा तो उद्योग आज आपल्याही कामाचा आहे.

सुरुवात शब्दापासून करू. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. बोहेमियातल्या कुळांना जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावं लागे, त्या राबण्याचं हे नाव. १७७५ साली तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसाने वेठीच्या दिवसांवर मर्यादा घालणारा हुकूम काढला. त्या हुकुमाचं नावच ‘रोबोट पेटंट’. वेठ पुरती संपली ती १८४८मध्ये. म्हणजे विज्ञानकथेत येण्याआधी हा शब्द सरकारी दप्तरात होता आणि कुळांच्या पाठीवर होता.

आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. वेठबिगार आपल्या गावगाड्यातही होती. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने तिला मनाई केली, आणि त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द आहे. तरी शब्दाचा प्रवास कसा होतो पाहा. आज आपण ‘वेठीला धरलं’ असं बहुतेकदा संपावर गेलेल्या कामगाराबद्दल म्हणतो. ज्याला वेठीला धरलं जायचं, तोच धरणारा ठरला!

कारेल चापेक या चेक लेखकाने ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२०मध्ये प्रसिद्ध केलं. जानेवारी १९२१मध्ये ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात आलं. नाटकातल्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावं, हे चापेकला सुचेना. त्याने चित्रकार भावाला, योसेफला, विचारलं. योसेफ चित्र रंगवण्यात गुंतला होता. तोंडात कुंचला तसाच धरून तो पुटपुटला, त्यांना रोबोट म्हण. हा किस्सा पुढे चापेकनेच सांगितला.

नाटकातले रोबोट कारखान्यात तयार होतात, पण रक्तामांसासारख्याच द्रव्यापासून. दिसायला ते माणसासारखेच आहेत. त्यांना बनवणाऱ्या तरुण अभियंत्याचा हिशेब सरळ आहे. माणूस सारंगी वाजवतो, फिरायला जातो, त्याला आनंद होतो. विणकामाला किंवा बेरीज करायला यातलं काय लागतं? जे लागत नाही ते काढून टाकलं. सर्वांत चांगला कामगार कोण, तर सर्वांत स्वस्त, आणि स्वस्त तो, ज्याच्या गरजा सर्वांत कमी. पुढे एक डॉक्टर रोबोटांना वेदना द्यायचं ठरवतो. दया म्हणून नव्हे; दुखत नसल्यामुळे ते आपलेच हातपाय मोडून घेतात आणि कारखान्याचं नुकसान होतं म्हणून. शेवटी रोबोट उठाव करतात. जगात एकच माणूस ते जिवंत ठेवतात, अल्क्विस्ट. का, तर तो त्यांच्यासारखा हाताने काम करतो.

दार्को सुविन या झाग्रेबमध्ये जन्मलेल्या समीक्षकाने १९७९च्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेची एक व्याख्या केली. तिचा सोपा अर्थ असा : विज्ञानकथा ओळखीच्या गोष्टीला अनोळखी करून दाखवते, आणि तीही तर्काला धरून. डोळ्यांसमोर रोज राबणारा माणूस आपल्याला दिसत नाही. त्याला रोबोट केलं की दिसतो. चापेकने नवीन प्राणी निर्माण केला नाही. कारखान्याला माणूस कसा हवा असतो, एवढंच त्याने शेवटपर्यंत ताणून दाखवलं.

‘मेट्रोपोलिस’ हा फ्रिट्झ लांगचा मूकपट जानेवारी १९२७मध्ये बर्लिनला झळकला. पटकथा त्याची पत्नी थेआ फॉन हार्बोची. (लांगपासून विभक्त झाल्यावर या लेखिकेने बेळगावकडचे पत्रकार ए. जी. तेंडुलकर यांच्याशी लग्न केलं, ही आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी गोष्ट.) या चित्रपटात वर उंच इमारतींचं शहर आहे आणि खाली जमिनीच्या पोटात मजुरांची वस्ती. पाळी बदलताना मजूर माना खाली घालून, एका तालात पावलं टाकत जातात. स्त्रीरूपातला धातूचा यंत्रमानव याच चित्रपटातला. पोरांच्या चंदेरी खोक्याचा पूर्वज म्हणावा तर तो हा. शेवटी मालक आणि मुकादम हात मिळवतात. डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय हवं, असं तात्पर्य निघतं. ऐकायला गोड आहे. यात खुपण्यासारखं काय?

ते दाखवलं झिगफ्रीड क्राकाउअरने. हा शिकलेला वास्तुविशारद, पण लिहायचा वर्तमानपत्रात. त्याच १९२७च्या जूनमध्ये त्याने ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’मध्ये रंगमंचावर एका ओळीत पाय उचलणाऱ्या टिलर गर्ल्स या नर्तिकांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की कारखान्यातल्या पट्ट्यावर जे हातांचं होतं, तेच इथे पायांचं झालं आहे. माणूस सुटा उरला नाही, नक्षीतला एक टाका झाला. आणि त्या टाक्याला पूर्ण नक्षी कधीच दिसत नाही.

पुढे नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेल्यावर त्याने १९४७मध्ये जर्मन चित्रपटांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तो ‘मेट्रोपोलिस’च्या शेवटाकडे परतला. मजूर मालकाला भेटायला येतात, पण कसे? पाचरीच्या आकारात, आखीव रांगेत. बंडानंतरही त्यांची नक्षी मोडलेली नाही. हृदयाची भाषा करून मालकाने त्यांना पुन्हा ताब्यात घेतलं, आणि असं तात्पर्य गोबेल्सलाही सुचलं असतं, असा त्याचा शेरा आहे. लांगने १९३३मध्ये जर्मनी सोडली. थेआ तिथेच राहिली आणि नाझी काळात चित्रपटांसाठी लिहीत राहिली. पटकथेवरून सगळं भविष्य वर्तवता येतं, असं मी म्हणणार नाही. पण रांग कोणी आखली, हा प्रश्न क्राकाउअरमुळे पडायला लागतो.

आता पुन्हा मारिया थेरेसाच्या दरबारात जाऊ. वेठीच्या हुकुमाआधी पाच वर्षं, १७७०मध्ये, केंपेलेन नावाच्या अधिकाऱ्याने तिच्यापुढे एक नवल मांडलं. मोठी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि मागे फेटा बांधलेला, तुर्की पोशाखातला लाकडी बाहुला. तो आपणहून खेळे आणि बहुधा जिंके. १८०९मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळला. खरं तर पेटीच्या आत एक कसलेला बुद्धिबळपटू दडलेला असे. पेटीची दारं उघडून लोकांना आतली चाकं दाखवत, तेव्हा तो अंग चोरून बाजूला सरके.

माझ्यासारख्याची नजर त्या फेट्यावर जराशी अडतेच. तुर्की फौजांनी १५२९ आणि १६८३ अशी दोनदा व्हिएन्नाला वेढा घातला होता. न समजणाऱ्या, धाक वाटणाऱ्या यंत्राला त्या दरबारात चेहरा दिला गेला तो परक्याचा. घाम मात्र आतल्या माणसाचा.

क्राकाउअरचा स्नेही वाल्टर बेन्यामिन याने १९४०मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, इतिहासावरच्या आपल्या टिपणाची सुरुवात याच बाहुल्यापासून केली. त्याला सांगायचं होतं ते वेगळं, इतिहासविचार आणि धर्मविचार यांच्या नात्याबद्दलचं. पण पेटीत कोण बसलंय, हे विचारायची सवय त्याच्या त्या परिच्छेदाने पुढच्या वाचकांना लावली.

ती सवय आज हवी आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००५मध्ये एक सेवा सुरू केली. संगणकाला न जमणारी बारीकसारीक कामं जगभरातली माणसं थोड्याथोडक्या मोबदल्यात करून देणार, अशी ती योजना. तिचं नाव ‘मेकॅनिकल टर्क’, म्हणजे तोच यांत्रिक तुर्क. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घराघरात आहे. यंत्र आपल्या नोकऱ्या खाईल का, ही भीती खोटी नाही. पण त्या यंत्राला शिकवतं कोण? जानेवारी २०२३मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने बातमी दिली, की चॅटजीपीटीला अभद्र मजकूर ओळखता यावा म्हणून केनियातल्या कामगारांनी तसला मजकूर दिवसच्या दिवस वाचून वेगळा केला. मजुरी ताशी दोन डॉलरहून कमी. चापेकच्या डॉक्टरने रोबोटाला वेदना दिली होती. इथे यंत्राला काही दुखू नये म्हणून माणसांनी दुखणं अंगावर घेतलं.

म्हणून यंत्राचं चित्र दिसलं, की त्याच्या ताकदीने दिपण्याआधी पेटीचं दार उघडून पाहावं. आत दिसणारी चाकं पाहून समाधान मानू नये. अंग चोरून बसलेलं कोणी आहे का, ते बघावं.

त्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर आमचा यंत्रमानव विंगेत आला. खोकं काढलं तर पोरगा घामाने निथळत होता. आधी पाणी द्या, म्हणाला. इतका वेळ टाळ्या वाजवताना आम्हां कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.